दाराच्या पोटातली काच

गाडीची पुढची काच फुटते तेव्हा तिला तडे जातात, पण ती जागा सोडत नाही. दाराची काच फुटली की जागेवर काहीच उरत नाही. रात्री जिथे काच होती तिथे सकाळी उघडी चौकट असते, आणि सीटवर, खालच्या मॅटवर, हँडब्रेकच्या फटीत, दाराच्या खिशातल्या पाण्याच्या बाटलीभोवती हिरवट झाक असलेले दाणे पसरलेले असतात. मागच्या सीटवरची बॅग कधी गेलेली असते, कधी चोराला हवं ते मिळालेलंच नसतं. ऑफिसची वेळ टळत चाललेली असते. जुलै-ऑगस्टचे दिवस असतील तर आभाळही भरून आलेलं असतं.

‘कारची काच फोडून लॅपटॉप लंपास’ ही पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतली नेहमीची चौकट. पण चोर हे एकच कारण नव्हे. सोसायटीत मुलांचा क्रिकेटचा चेंडू येतो. रस्त्याकडेचं गवत यंत्राने कापताना उडालेला खडा येतो. मोर्चा किंवा बंदच्या दिवशी दगड येतो, कोकणात नारळ येतो. कधी काचेच्या काठाला बऱ्याच महिन्यांपूर्वी लागलेला बारीकसा टवका कारण होतो आणि दार जरा जोरात लावल्याबरोबर सगळी काच खाली बसते. अशा वेळी मालकाचा विश्वासच बसत नाही. आपण तर काहीच केलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहतो. त्याचं खरं असतं.

पूर्वी अशी गाडी प्लास्टिक लावून बाजारात न्यावी लागे. पुण्यात नाना पेठ, नाहीतर मंगळवार पेठेतला जुना बाजार. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. आता फोन केला की काच घेऊन माणूस घरी येतो. काचेच्या कंपन्यांनी स्वतःची सेवा सुरू केली आहे, विमा कंपन्यांशी बांधलेली दुकानं आहेत, आणि दोन्हींपेक्षा जास्त दिसतात ते मोटरसायकलवरून फिरणारे एकटे फिटर. या पावसाळ्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये अशा काही फिटरांबरोबर फिरलो, त्यांचं काम जवळ उभं राहून पाहिलं. त्यातून एक गोष्ट फार ठळकपणे समजली. काच बसवायला थोडीच मिनिटं लागतात. त्याआधी आणि त्यानंतर दाराच्या आत जे करावं लागतं, तेच खरं काम आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, बिलात लिहिलेलं नसतं, म्हणून घाईत पहिल्यांदा तेच गाळलं जातं. ज्यांच्या दारात उद्या असा माणूस येणार आहे, त्यांना हे आधी ठाऊक असायला हवं.

दाराची काच दाण्यांत का फुटते, हे कळलं की पुढचं बरंच काही कळतं. ही काच टफन केलेली असते. साधी काच साधारण ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, दाराच्या वळणाप्रमाणे वाकवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून काही सेकंदांत निववतात. बाहेरचा थर आधी थंड होऊन कडक होतो. आतला गाभा मागाहून थंड होताना आकसू पाहतो, पण कडक झालेला पृष्ठभाग त्याला आकसू देत नाही. परिणामी पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा कायमचा ताणाखाली. त्यामुळेच ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते. मात्र एखादी भेग गाभ्यापर्यंत पोचली की कोंडलेला ताण एका क्षणात मोकळा होतो आणि सगळीच्या सगळी काच एकदम फुटते. फ्रान्सच्या दे ला बास्ती यांनी १८७४ मध्ये तापलेली काच तेलात बुडवून कडक करण्याचं पेटंट घेतलं. तेलाची जागा पुढे हवेने घेतली, तत्त्व तेच राहिलं.

ती अशी फुटावी हीच योजना आहे. मानेवर किंवा चेहऱ्यावर काचेचा लांब पातीसारखा तुकडा येण्यापेक्षा बोथट कडांचे दाणे अंगावर पडलेले बरे. संयुक्त राष्ट्रांच्या ४३ क्रमांकाच्या नियमावलीत काच मुद्दाम फोडून तुकडे मोजण्याची चाचणी आहे: पाच सेंटिमीटर बाजूच्या चौरसात किमान ४० तुकडे निघाले पाहिजेत. दुसऱ्या चाचणीत २२७ ग्रॅमचा पोलादी गोळा उंचावरून काचेवर सोडतात. साडेतीन मिलिमीटरपर्यंतच्या काचेसाठी ही उंची दोन मीटर असते. आपल्याकडे वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस २५५३ (भाग २) हे मानक आहे. पुणेकरांना हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. सेंट-गोबेन सेक्युरिटचे कारखाने चाकण आणि भोसरीला आहेत, आणि असाही इंडियाचा सपाट काचेचा कारखाना रायगड जिल्ह्यात तळोज्याला.

टफन काच एकदा तयार झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासून आकार कमी करता येत नाही; प्रयत्न केला तर ती हातातच फुटते. म्हणून प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक दाराची काच कारखान्यातूनच वेगळी निघते. म्हणूनच तिला दुरुस्तीही नाही. पुढच्या काचेत दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो. तिथे खड्याने पडलेला छोटा टवका राळ भरून थांबवता येतो. दाराच्या काचेला असा मधला मार्गच नाही. काही महागड्या गाड्यांत अलीकडे दारांनाही दोन थरांची काच येते, आवाज कमी यावा आणि फोडायला कठीण जावी म्हणून. ती फुटल्यावर खाली पडत नाही, तडकून लोंबत राहते. आपल्या गाडीत कोणती आहे हे काचेच्या कोपऱ्यातल्या छापावर लिहिलेलं असतं.

फोनवर फिटर जे प्रश्न विचारतो त्यांवरूनच त्याचा अंदाज येतो. नुसतं गाडीचं नाव ऐकून ‘येतो’ म्हणणारा माणूस बहुधा चुकीची काच घेऊन येतो आणि परत जातो. जाणता माणूस साल विचारतो, कारण त्याच नावाच्या गाडीचं रूप मधल्या काळात बदललेलं असतं. दार कोणतं ते विचारतो: ड्रायव्हर साइड की कंडक्टर साइड, पुढचं की मागचं, आणि काच वर-खाली होणारी की मागच्या कोपऱ्यातली तिकोनी. शंका असली तर चॅसी नंबर मागतो. शिवाय समोरच्या बाजूच्या शाबूत काचेच्या छापाचा फोटो मागतो. त्या छापात कंपनीचं नाव असतं, आयएसआयचं चिन्ह असतं, काच टफन की लॅमिनेटेड ते असतं. नवी काच आली की ती बसवण्याआधी तोच छाप मालकाने स्वतः पाहावा. बाजारात ‘कंपनीची’ आणि ‘लोकल’ अशा दोन भावांत काच मिळते. लोकल म्हणजे वाईटच असं नाही, पण ज्या काचेवर छापच नाही ती कोणत्याही भावात घेऊ नये. या बाबतीत मी तडजोड मानत नाही. छाप नसलेली काच फुटेल तेव्हा कशी फुटेल, हे कोणी तपासलेलं नसतं, आणि तिच्या शेजारी आपलंच माणूस बसणार असतं.

चालत्या मॉडेलची काच त्याच दिवशी मिळते. जुन्या, बंद झालेल्या किंवा आयात गाडीची मागवावी लागते आणि त्यात दिवस जातात. तोवर काय करायचं, हे फिटर फोनवरच सांगतात, आणि ते ऐकावं. चोरी झाली असेल तर काही हलवण्याआधी फोटो काढावेत आणि तक्रार नोंदवावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती ऑनलाइनही देता येते. मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. मग फुटलेल्या दाराच्या काचेचं बटण दाबू नये. हे अगदी महत्त्वाचं. पाहू या चालतं का, म्हणून लोक बटण दाबतात, आणि आत पडलेले दाणे मोटरच्या केबलमध्ये आणि चाकांत ओढले जातात. काचेचा खर्च होता तिथे काच वर-खाली करणाऱ्या मशीनचाही होतो. चौकट झाकायला पारदर्शक प्लास्टिक वापरावं, म्हणजे आरसा दिसत राहतो, आणि चिकटपट्टी रंगावर न लावता शक्य तितकी चौकटीच्या आतल्या अंगाला लावावी. खाकी पॅकिंग टेप उन्हात तापला की काढताना डिंक रंगावरच राहतो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार असेल आणि बाजूचं नीट दिसत नसेल, तर गाडी चालवूच नये. माणूस घरी बोलवायचा तो त्यासाठीच.

तो येतो तेव्हा काच मोटरसायकलवर असते, जुन्या फोममध्ये गुंडाळून उभी बांधलेली. कोणाकडे छोटी व्हॅन असते. टफन काचेची कड सगळ्यात नाजूक. मध्यावर ठोसा सोसणारी काच कडेला फरशीची ठेच लागली तर संपते, म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला तो पाय टेकत येतो. मग सोसायटीचं फाटक. ॲपवर नोंद झालेली नसते, सुरक्षारक्षक फोन करतो, फोन कोणी उचलत नाही. काही सोसायट्यांत आवारात गाडीचं काम करायचं नाही असा नियम असतो आणि तो ऐनवेळी सांगितला जातो. हातात काच धरून फाटकाबाहेर उन्हात थांबलेले फिटर मी पाहिले आहेत. ज्याला बोलावलं त्याची नोंद आधी करून ठेवणं आणि सेक्रेटरींना एक शब्द सांगून ठेवणं, एवढं आपण नक्की करू शकतो. जागा सपाट हवी, सावलीची हवी, दार पूर्ण उघडेल इतकी मोकळी हवी. व्हॅक्यूमसाठी जवळ प्लग असला तर उत्तम. गाडीची किल्ली त्याच्याजवळ लागते, कारण काच वर-खाली करून पाहिल्याशिवाय काम होत नाही.

“दादा, किती वेळ लागेल?” वाकडमधल्या एका पार्किंगमध्ये गाडीच्या मालकीणबाईंनी विचारलं होतं.

“काच बसवायला दहा मिनिटं, ताई. साफ करायला किती, ते दार उघडल्यावर सांगतो.”

दार उघडणं म्हणजे आतलं डोअर पॅड काढणं. हँडलच्या मागे आणि कोपऱ्यातल्या छोट्या झाकणांखाली स्क्रू असतात. ते काढले की पॅड कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपांवर धरलेलं राहतं. चपट्या प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप उचकटायची. इथे लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालणाऱ्याचा हात घाईचा समजावा, पॅडच्या कडेवर कायमचा वण राहतो. जुन्या गाडीत दोन-चार क्लिपा तुटतातच. चांगल्या फिटरच्या पेटीत वेगवेगळ्या क्लिपांचा डबा असतो आणि तुटलेली तो लगेच बदलतो. नाहीतर महिन्याभराने खराब रस्त्यावर दार खुळखुळू लागतं. मग बटणांच्या वायरी, स्पीकर, लॉकची केबल सोडवून पॅड बाजूला ठेवलं जातं.

त्यामागे दिसतो एक प्लास्टिकचा पडदा, दाराच्या पत्र्याला काळ्या चिकट ब्यूटिलने चिकटवलेला. फिटर त्याला वॉटर शीट म्हणतात. मालकांपैकी जवळजवळ कोणीच तो कधी पाहिलेला नसतो. गाडीच्या दारात पाणी शिरतं, रोज शिरतं. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी बाहेरच्या रबराला चुकवून दाराच्या पोटात उतरतं, आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना आहे. ते आत, आपल्या पायांकडे येऊ नये म्हणून हा पडदा. घाईचा माणूस तो फाडून हात घालतो आणि काम झाल्यावर तसाच लोंबता ठेवून वर पॅड बसवतो. बाहेरून सगळं छान दिसतं. पहिल्या मोठ्या पावसात मॅटखालचा गालिचा ओला होतो, काही दिवसांत कुबट वास येतो, आणि मालक नव्या काचेला दोष देतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस आहे. कोकणात, मावळात, महाबळेश्वरकडे तो किती पडतो ते सांगायला नको. या मुलखात वॉटर शीट नीट लावणं हे काचेइतकंच काम आहे. आणि केवळ पाण्याचाच प्रश्न नाही. बाजूच्या एअरबॅग असलेल्या काही गाड्यांत टक्कर ओळखणारा सेन्सर दाराच्या आतल्या हवेचा दाब मोजतो. दार आतून बंदिस्त नसेल तर त्या मोजणीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून पॅड परत बसवण्याआधी मालकाने वाकून पाहावं: पडदा सगळीकडून चिकटला आहे का, फाटलेल्या जागी पट्टी लावली आहे का. हे विचारण्यात संकोच नको. ज्याला काम येतं त्याला असा प्रश्न आवडतो.

मग सफाई. फुटलेल्या काचेतला मोठा भाग दाराच्या पोटात पडलेला असतो. व्हॅक्यूमची बारीक नळी आत घालून तो ओढायचा, बाहेरून तळहाताने पत्र्यावर थापा मारायच्या, म्हणजे अडकलेले दाणे खाली येतात, पुन्हा ओढायचं. तळाची भोकं तारेने मोकळी करायची, कारण दाण्यांनी ती बुजली तर पाणी आतच साठतं आणि पत्रा गंजतो. मशीनच्या केबल आणि चाकं पाहायची. शेवटी चॅनल, म्हणजे ज्या रबरी खोबणीतून काच वर-खाली होते ती. हिच्या आत मखमलीसारखं अस्तर असतं आणि त्यात काचेची भुकटी रुतून बसते. ती तशीच राहिली तर नवी काच पहिल्याच दिवसापासून घासली जाते आणि आठवड्यात तिच्यावर उभ्या रेघा उमटतात. म्हणून जाणता फिटर चॅनल खेचून बाहेर काढतो, ब्रशने झाडतो, पुसतो, मग परत बसवतो. वाकडच्या त्या दादांनी यातच अर्ध्या तासाहून जास्त वेळ घालवला. त्यांच्या हातात जाड मोजे होते आणि डोळ्यांना चष्मा. हे दोन्ही सगळ्यांकडे नसतात. बऱ्याच जणांच्या बोटांवर जुने वण दिसतात.

काच बसवणं हे पाहायला सुरेख काम आहे. मशीनचं पकड असलेलं टोक दाराच्या मधल्या खिडकीपर्यंत खाली आणतात. नवी काच तिरकी करून वरच्या फटीतून आत सोडतात, मागची कड चॅनलमध्ये घालतात, मग सरळ करून पुढची. काही गाड्यांत काचेच्या खालच्या कडेला धारक चिकटवूनच येतो, काहींत जुन्या काचेचा काढून नव्यावर चढवावा लागतो. साधारणपणे दोन दहा नंबरचे बोल्ट. ते आधी सैलच ठेवतात. काच हळूहळू पूर्ण वर नेतात, तिला वरच्या रबरात आपली जागा घेऊ देतात, आणि मगच बोल्ट आवळतात. आधी आवळून मग वर नेली तर काच एका बाजूला झुकते, कोपऱ्यात बारीक फट राहते आणि महामार्गावर वाऱ्याची शिट्टी ऐकू येते.

आता चाचणी. काच दोन-तीनदा खाली-वर. मध्येच अडखळत नाही ना, वर पोचताना कडकड होत नाही ना. ज्या गाड्यांत एका स्पर्शात काच वर जाते, त्यांत बॅटरीची किंवा मोटरची जोडणी सोडवल्यावर तिला आपली टोकं पुन्हा शिकवावी लागतात. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं असतं, नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत असते. मध्ये काही आलं तर काच परत खाली जाते की नाही तेही पाहावं, पण वर्तमानपत्राची गुंडाळी धरून. हात घालून नव्हे. लॉक, स्पीकर, आरशाचं बटण चालू आहेत ना, हे पॅडचे स्क्रू लावण्याआधी पाहिलेलं बरं. मग बाहेरून काचेवर बादलीभर पाणी ओतावं. पाणी दाराच्या तळातून बाहेर आलं आणि आत पायदान कोरडं राहिलं, की काम झालं. हे सगळं मिळून एक ते दीड तास लागतो. वीस मिनिटांत उरकून जाणाऱ्याचं कौतुक करू नये. त्याने काय सोडलं ते वर सांगितलंच आहे. दाराची काच बोल्टवर असते, त्यामुळे चिकटद्रव्य सुकायची वाट पाहावी लागत नाही, गाडी लगेच नेता येते.

मागच्या कोपऱ्यातल्या स्थिर काचेची गोष्ट वेगळी. जुन्या पद्मिनी गाडीच्या पुढच्या दाराला हवेसाठी उघडणारी तिकोनी काच होती, ती रबरात बसायची. आजच्या गाड्यांतली क्वार्टर ग्लास बहुधा युरेथेनने चिकटवलेली असते. जुना थर कापायचा, जागा पुसून प्रायमर लावायचा, नवा थर ओढून काच दाबायची आणि टेप लावून धरायची. इथे पाऊस अडथळा ठरतो. हे चिकटद्रव्य हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, पण चिकटवायची जागा मात्र पूर्ण कोरडी लागते. वर छप्पर नसेल तर चांगला फिटर काम पुढे ढकलतो, आणि ते मान्य करावं. किती तास थांबायचं ते नळीवर लिहिलेलं असतं. तेवढा वेळ गाडी हलवायची नाही आणि दारं आपटायची नाहीत. सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं की आतल्या हवेचा धक्का त्या ओल्या थराला बसतो. म्हणून दुसरी एखादी काच बोटभर उघडी ठेवतात.

पैशांचं बोलू. छोट्या, खपाच्या गाड्यांच्या दाराची काच बसवण्यासकट काही हजारांत होते. काही ठिकाणी घरी येण्याचे वेगळे पैसे घेतात, ते फोनवरच विचारून घ्यावं. सगळ्यांच्या मनात प्रश्न येतो तो विम्याचा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काही मिळत नाही. सर्वंकष विम्यात काच येते, आणि प्लास्टिक किंवा रबराच्या भागांप्रमाणे काचेवर घसारा कापला जात नाही. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आपल्याच खिशातून जातात, त्यावरच्या गाडीला २०००. आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो. समजा, बोनस वजा करण्याआधीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय. दावा केल्यावर बोनस शून्यावर येतो आणि मग वर्षावर्षाने २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा ५० वर चढतो. हप्ता तोच धरला तर या चढणीत एकूण १०,००० रुपये जास्त भरावे लागतात. तीन हजारांची काच, त्यातले हजार आपलेच. म्हणजे दोन हजार मिळवायला दहा हजार घालवले. काही विमा कंपन्या काचेच्या दाव्याने बोनस जाऊ देत नाहीत, काहींकडे त्यासाठी वेगळं कलम विकत घ्यावं लागतं. पॉलिसी उघडून तेवढी एक ओळ वाचावी आणि मगच ठरवावं. दंगलीत किंवा आगीत चारही काचा गेल्या असतील तर हिशेब अर्थातच उलटा होतो. आणि चोरीला गेलेला लॅपटॉप गाडीच्या साध्या विम्यात येत नाही, हे ऐकून माणसं खचलेली मी पाहिली आहेत.

काच बसली की फिल्म लावायची का, हा विषय निघतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालाने गाड्यांवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. नियमांत पुढे बदल झाले, आणि केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ही टक्केवारी पाळणाऱ्या फिल्मला हरकत नाही असं म्हटलं. आपल्या चौकातला हवालदार मात्र टक्केवारी मोजायला यंत्र घेऊन उभा नसतो. मला विचाराल तर कारखान्यातून आलेली हलकी हिरवी काच पुरेशी आहे.

फिटर गेल्यावरही दाणे सापडत राहतात. सीटच्या रुळांत, सीटबेल्टच्या खाचेत, एसीच्या जाळीत. गाडी धावली, हादरली की ते वर येतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा व्हॅक्यूम करावा लागतो. लहान मुलाची सीट गाडीत होती का, हा प्रश्न फिटरने स्वतःहून विचारायला हवा, आणि त्याने विचारला नाही तर आपण सांगावं. तिचं कापड काढून उलटं झटकायचं, पट्ट्यांच्या फटी टॉर्चने पाहायच्या, बकल दोन-चारदा लावून-उघडून बघायचं. त्यात दाणा अडकला असेल तर बकल लागल्यासारखं वाटतं पण लागलेलं नसतं. तसं असेल तर ती सीट वापरायची नाही.

उरतात ते गोळा केलेले दाणे. एका दाराचे कित्येक ओंजळी भरतात. अनेक घरांत ते काळ्या पिशवीत, ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळून जातात. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या बायका तो कचरा हाताने वेगळा करतात. या कष्टकऱ्यांची १९९३ मध्ये उभी राहिलेली संघटना म्हणजे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. काच हाताळण्याचा धोका त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नाही. टफन काचेचे दाणे बोथट म्हणतात, तरी पिशवीत हात घातल्यावर ते कापतात. फिटरनेच दाणे बरोबर न्यावेत असं आधी ठरवता येतं. काही जण नेतात. नाही नेले, तर जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, चारही बाजूंनी टेप लावून, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असं लिहावं, आणि सकाळी त्या ताई आल्या की पिशवीत न टाकता सांगून त्यांच्या हातात द्यावं.